बर्फाच्या यादीतलं माझं पुस्तक

रविवार, ६ सप्टेंबर २००९

आणि वर उमा हसून म्हणते, शोभाताई, तुम्ही पुस्तक नाही सुचवलंत तरी चालेल, तुम्ही आपला चिवडा आणा! आपला चिवडा. सगळ्यांच्या देखत. तीन वर्षं दर पंधरवड्याला दोन बस बदलून हिच्या घरी वाचनमंडळाला जाते. कोणाला काय वाचून काय काय वाटलं ते गप ऐकून घेते. कधी म्हटलं का, मला कंटाळा येतो? येतो. पण म्हटलं नाही.

ह्यांची पद्धत अशी. झाडं पिवळी पडायला लागली की प्रत्येकानं उभं राहून एक पुस्तक सुचवायचं. का वाचावं ते सांगायचं. मग ते पुस्तक थंडीभर घरोघर फिरणार. उमा यादी टाइप करून फ्रिजवर लावते. नाव, बर्फाची यादी. आठ माणसं, सात पुस्तकं आणि माझ्या नावापुढे चिवडा.

मी उभी राहिले. म्हटलं, माझ्याकडे एक जाड कादंबरी आहे, तुमच्यापैकी कोणी बघितलेली पण नसेल. नाव काय, उमानं विचारलं. म्हटलं, वीस तारखेला सांगते. चारुदत्त साठे म्हणाले, वा, उत्कंठा वाढवलीत. हे रिटायर्ड इंजिनियर, एकोणसत्तर सालापासून कॅनडात. बोलतात असं की जणू बाजूला कोणी टाइप करून घेतंय.

चौथी शिकलेली बाई काय वाचणार, असं तोंडावर कोणी म्हणत नाही. चिवडा म्हणतात.

सोमवार, ७ सप्टेंबर. लेबर डेची सुट्टी.

पलंगाखालची बॅग ओढून पुस्तक काढलं. अरुणानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, इचलकरंजीहून पाठवलेलं. दीड वर्ष बॅगेतच होतं. एका ओळखीच्या बाईबरोबर आलं होतं, आई गेल्यावर दोन महिन्यांनी. खाकी कागदाचं कव्हर, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. मास्तरीण ना ती. आत पहिलं पान नाही, म्हणून पुस्तकाला नाव पण नाही. एवढं काय त्यात.

उघडलं नव्हतं कारण वेळ नव्हता. दुसरं काही कारण नाही.

दोनशे बारा पानं. रोज वीस. अठरा तारखेच्या आत खलास. मी ठरवलं की करते. गोडाउनमध्ये तासाला नव्वद खोकी भरते मी. पानं काय चीज आहेत.

बुधवार, ९ सप्टेंबर

सहा पानं झाली. दोन दिवसांची मिळून. जुनं पुस्तक, टाइप बारीक आहे. बसमध्ये वाचायचं तर वॉनला, गोडाउनकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला नुसते धक्के. दुपारच्या ब्रेकमध्ये वाचायचं तर शेजारची पंजाबी बाई सारखी विचारते, बहनजी, क्या लिखा है.

गोष्ट सोपी आहे. गोदा नावाची बाई गावाच्या टोकाला एकटी राहते. रोज दिवेलागणीला मागच्या दारातून कोणीतरी तिला हाक मारतं. नावानं. ती ओ देत नाही. उगाच ओ देऊ नये हे आम्हाला पण लहानपणी सांगायचे. तीन हाका झाल्या तर माणूस, एकच झाली तर माणूस नाही. तिला एकच येते.

मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही.

शनिवार, १२ सप्टेंबर, संध्याकाळ

पान एकतीस. हिशेबानं शंभरच्या पुढे पाहिजे होतं, पण घरातली कामं कोण करणार?

आमच्या बेसमेंटला बाजूनं दार आहे. आज सात वाजता त्याच्यावर टक् झालं. एकदाच. मी भाजी परतत होते. उघडलं नाही, कारण हात तेलकट होते. विलासला म्हटलं बघ. नवरा म्हणून एवढं तरी करावं. तो सोफ्यावरूनच म्हणाला, वरच्या लोकांच्या कपडे वाळवायच्या ड्रायरचं बाहेरचं झाकण आहे ते, वाऱ्यानं आपटतं. आठ वर्षं ह्या घरात राहतोय, झाकण आजच कसं आपटलं, म्हटलं. तो म्हणाला, आठ वर्षं आपटतंय, तू आज ऐकलंस.

बाहेरचा बल्ब बदलायला लावला. शंभरचा.

सोमवार, १४ सप्टेंबर

आज गोडाउनमध्ये बेल्टच्या आवाजात कोणीतरी शोभे म्हणालं. वळून बघितलं तर कोणी नाही. मला इथे शोभे कोण म्हणणार? सुपरवायझर शोबा म्हणतो. मंडळात शोभाताई. शोभे आई म्हणायची.

खरं म्हणजे बेल्टला तेल नाही. कंप्लेंट करणार आहे.

आईचं एकदा लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. दोन हजार सात, नोव्हेंबर. अरुणाचा फोन आला, आक्का, आई नीट नाही, ये. मला कामावर सुट्टी मिळाली नाही. ख्रिसमसचा माल होता. पाच दिवसांनी आई गेली. अरुणा फोनवर सांगायला लागली, आक्का, शेवटच्या संध्याकाळी आईनं... मी म्हटलं, नंतर सांग, माझी बस येतेय. आणि ठेवला. नंतर तिनं केला नाही. मी का करू? मोठी मी आहे. तिला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीत उभी राहिले म्हणून ती शिकली. मी आत गेले असते तर ती बाहेर राहिली असती. फोन तिनं करायचा.

लिहिलं. संपलं.

शुक्रवार, १८ सप्टेंबर. सर्वपित्री.

सकाळी खीर-पुरी केली. मागच्या पार्किंगमध्ये कागदाच्या प्लेटमध्ये आईचं पान ठेवलं. कावळा आला नाही. एक सीगल आला, पांढरा, धटिंगण, प्लेटसकट ओढत घेऊन गेला. विलास म्हणाला, पोचलं. मी म्हटलं, आईला पांढरं आवडायचं नाही. तो म्हणाला, अगं ती विधवा होती, वीस वर्षं पांढरंच नेसली. म्हटलं, म्हणूनच.

पुस्तक पान अठ्ठावन्न. परवा बोलायचंय. मधली पानं वाचण्यात काय अर्थ? शेवट वाचला की पुस्तक कळतं. पान दोनशे बारा वाचलं.

गोदा आजारी माणसासारखी उठते. भिंतीला धरून मागच्या दारापाशी जाते. तिनं अडसर काढला आणि दार उघडलं, तर बाहेर

बस. इथे संपतं. पुढे खाकी कागद.

दोनदा बघितलं. आधी वाटलं हे काय. मग कळलं. हल्ली असंच लिहितात. वाचणाऱ्यानं डोकं चालवायचं.

रविवार, २० सप्टेंबर

गाजवलं!

उभी राहिले आणि सांगितलं. गोदा, दिवेलागण, एक हाक. आणि म्हटलं, शेवट असा आहे की तुम्ही झोपणार नाही. बाई दार उघडते, आणि लिहिणारा गप बसतो. कोण आलंय ते तुमचं तुम्ही ठरवा. चारुदत्त साठ्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मुक्त शेवट! आणि त्या काळातला! उमा म्हणाली, शोभाताई, तुम्ही हे इतकी वर्षं लपवून ठेवलंत? म्हटलं, तुम्ही कधी विचारलंत?

नाव नाही म्हटल्यावर तर जास्तच आवडलं. यादीत उमानं हातानं लिहिलं, निनावी, शोभाताईंची शिफारस. पहिला नंबर तिनं स्वतः लावला. मग साठे.

चिवडा पण संपला. पण तो मुद्दा नाही.

गुरुवार, २४ सप्टेंबर

उमाचा फोन. सकाळी सहाला, मी बससाठी बूट घालत होते. शोभाताई, पुढे काय होतं? म्हटलं, काही होत नाही, मुक्त शेवट आहे. ती म्हणाली, ते कळलं हो, पण बाहेर कोण असतं? आमचे हे, डॉक्टर, हसतात मला, पण संध्याकाळी मी मागच्या डेकचं दार लावायला जात नाही. मला सारखं वाटतं माझी आत्या उभी आहे. तिनं वाढवलं मला. ती गेली तेव्हा माझी इथे परीक्षा होती.

मी म्हटलं, उमाताई, पुस्तक आहे ते. एवढं मनावर घेऊ नये.

तीन डिग्र्या घेऊन हे असं. आमच्याकडे बल्ब आहे, दार आहे, मी बिनधास्त. आज फक्त विलासला म्हटलं, लाँड्रीला माझ्याबरोबर चल. बास्केट जड होती. दोन टॉवेल आणि त्याचा एक शर्ट.

मंगळवार, २९ सप्टेंबर

आता साठे. ह्यांचा फोन म्हणजे अर्धा तास. पण आज नमस्कार पण केला नाही. म्हणाले, शोभाताई, तुमच्या मते दारात कोण आहे? म्हटलं, वारा. ते म्हणाले, नाही हो. मी विनिपेगला होतो, सत्तर साली. आई गेल्याची तार अकरा दिवसांनी मिळाली. अकरा दिवस मी ऑफिसात जात होतो, सिनेमा पाहिला, एका पार्टीत गाणं म्हटलं. आणि आई त्या अकरा दिवसांत कुठेच नव्हती. ती गोदा दार उघडते ना, तेव्हापासून मी ते अकरा दिवस मोजतोय.

मी म्हटलं, साठेसाहेब, रविवारी कोजागरीचं दूध आहे, नक्की या.

हे काय चाललंय? मी पुस्तक सुचवलं, सगळ्यांची मेलेली माणसं नाही बोलावली. दुसरी पुस्तकं कोणी सुचवली तर असं होत नाही. मागच्या वर्षी साठ्यांनी धरणांवरचं दिलं होतं. कोणी रडलं नाही, कोणी वाचलं पण नाही.

आज पण टक् झालं. ड्रायर बंद होता. मी वर जाऊन विचारून आले.

रविवार, ४ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं.

कोजागरीचं दूध दुपारी चारला. चंद्र नाही, पण उमाकडे, नॉर्थ यॉर्कला, पार्किंग चारला मिळतं. सगळे पुस्तकावरच बोलत होते. मग साठ्यांनी पिशवीतून ते काढलं आणि टेबलावर ठेवलं. खाकी कव्हर काढलेलं. म्हणाले, बाइंडिंग सैल वाटलं म्हणून उघडलं, दुरुस्त करून द्यावं म्हटलं. शोभाताई, हे बघा. पाठीवर बोट फिरवून दाखवलं. अर्ध्यातून ब्लेडनं कापलंय. सरळ रेघेत, पट्टी लावून. शिवणीचे दोरे कापलेले दिसतात. हे अर्धं पुस्तक आहे.

उमा म्हणाली, म्हणजे मुक्त शेवट नाही?

मी म्हटलं, उंदरानं खाल्लं असेल. साठे म्हणाले, पट्टी लावून? कोणीतरी हसलं. मग माझ्या तोंडातून निघून गेलं, दुसरा भाग घरी आहे. सामानाच्या वजनासाठी बहिणीनं दोन भाग केले होते. पुढच्या रविवारी आणते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. सगळ्यांचे चेहरे असे उजळले की मी पण दोन मिनिटं खरं धरून चालले.

साठ्यांनी माझा हात धरला. म्हणाले, शोभाताई, उपकार होतील.

सोमवार, ५ ऑक्टोबर

प्लॅन तयार आहे. दुसरी प्रत मिळवायची. कुठे ना कुठे असणारच. अरुणाला विचारायची गरज नाही.

निधीला म्हटलं, कॉम्प्युटरवर शोध. माझी लेक, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. म्हणाली, व्हॉट्स द टायटल? म्हटलं, नाव नाही. ऑथर? ते पण नाही. एक बाई असते, तिला हाक ऐकू येते. निधी मग म्हणाली, मॉम, आर यू ओके? म्हटलं, मी ओके आहे, तू टाइप कर. तिनं टाइप केलं. भलतंच काहीतरी आलं, डोक्याच्या डॉक्टरांचे पत्ते.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

प्लॅन दोन. शेवट मीच सांगायचा. दुसरा भाग वाळवीनं खाल्ला, पण मी वाचला होता, म्हणून. दारात कोण ते ठरवायला बसले. दूधवाला. चोर. गोदाची सासू. चुकलेलं वासरू. प्रत्येकाला दार उघडून बघितलं. बसत नाही. दार उघडलं की एकच माणूस उभं राहतं, नऊवारी पांढरं, हातात कापडी पिशवी, आणि ते काही बोलत नाही.

विलासनं विचारलं, काय पुटपुटतेस? सांगितलं. तो म्हणाला, अरुणाला फोन कर. म्हटलं, ती रागावलीय, मी गेले नाही म्हणून. मला सुट्टी मिळाली नाही, त्यात माझा काय दोष? त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, शोभा, त्या वर्षी तुमच्या ख्रिसमस पार्टीत तुझा सुपरवायझर भेटला होता. मी त्याला म्हटलं, हिची आई गेली, बरं नाही हिला. त्याला ठाऊकच नव्हतं. तू सुट्टी मागितलीच नव्हतीस.

दोन वर्षं ह्या माणसाला माहीत होतं. दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि बोलला नाही.

मागितली नव्हती. मागितली असती तर मिळाली असती. मग जावं लागलं असतं. आईला तसं पडलेलं बघावं लागलं असतं. मी म्हटलं, हे दिवस जाऊ देत, ती उठून बसली की जाते.

आज टक् झालं तेव्हा मी दार उघडलं. काही नव्हतं. पानं होती, मेपलची, ओली. लावून घेतलं.

रविवार, ११ ऑक्टोबर

मंडळाला गेले नाही. उमाला निरोप ठेवला, ताप आहे. तिनं लगेच उलटा फोन केला, दुसरा भाग सापडला का? तापाचं विचारलं पण नाही.

सकाळी नऊला अरुणाला फोन लावला होता. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. मुद्दाम नाही, झालं तसं.

तिनं उचलला. हॅलो म्हटलं. मी म्हटलं, तू पुस्तक कापलंस का? दोन वर्षांनी पहिलं वाक्य. ती म्हणाली, आक्का, तू बरी आहेस ना? म्हटलं, ते सोड. दुसरा भाग कुठे आहे? ती म्हणाली, माझ्याकडे. म्हटलं, वजनासाठी कापलंस ना? म्हणाली, नाही.

मग तिनं सांगितलं. आईला ती रोज दिवे लावले की त्यातलं थोडं वाचून दाखवायची. आईची कॉट पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून, आई सारखी दाराकडे बघायची. शेवटच्या संध्याकाळी त्या पानापर्यंत आली. आई म्हणाली, थांब. आणि काहीतरी विचारलं. सकाळी आई गेली. अरुणानं तिथेच पट्टी लावून कापलं. पुढचं तिनं पण वाचलेलं नाही. म्हणाली, तुला अर्धं पाठवलं, म्हटलं आक्का वाचेल आणि पुढचं विचारायला तरी फोन करेल. मग सांगेन. तू उघडलंच नाहीस, होय ना?

म्हटलं, वेळ नव्हता. ती हसली. रडत होती बहुतेक, सर्दी पण असेल.

मी म्हटलं, आईनं काय विचारलं? ती म्हणाली, फोनवर सांगणार नाही. मागच्या वेळी सांगत होते तर तू ठेवलास. आता लिहून विचार. तुझ्या हातानं. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही ते तुला माहिती आहे. ती म्हणाली, चौथीपर्यंत येतं, बास झालं. आणि ह्या वेळी तिनं ठेवला.

आगाऊ. अगदी लहानपणीसारखी.

सोमवार, १२ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग.

पाच कागद फाडले. हा सहावा. आधी इथे लिहून बघते, मग उतरवून काढीन. निधी म्हणाली, आय विल स्कॅन इट अँड ईमेल इट. अरुणाच्या सुनेच्या ईमेलवर जाईल, म्हणजे आजच पोचेल.

सौ. अरुणास,

आक्काचा आशीर्वाद. इथे थंडी पडायला लागली. विलास बरा आहे. निधीची उंची वाढली, बुद्धी नाही. तू मोठ्या बहिणीला लिहायला लावलंस हे बरं केलं नाहीस, ते आधी सांगते.

दुसरा भाग पाठवायची घाई नाही. इथल्या लोकांना काय ते मी सांगते. अर्धं आहे, मी फसवलं, असं सांगते. सांगेन. बघू. त्या गोदाच्या दारात कोण होतं ते मला आता नको. तू पण एकटीनं वाचू नकोस.

मला सुट्टी मिळाली नव्हती असं मी म्हटलं होतं. मी मागितली नव्हती. हे तुला विलास कधीतरी सांगेल, त्याच्या आधी मी सांगितलं.

आता मला हे लिही. आई थांब म्हणाली, मग काय म्हणाली? जे म्हणाली तेच लिही. मला बरं वाटावं म्हणून गोड करू नको आणि राग आहे म्हणून कडू करू नको. तू मास्तरीण आहेस, तुला जसंच्या तसं लिहिता येतं. माझं नाव घेतलं असेल तर तसं लिही. घेतलं नसेल तर तेही लिही. ती दाराकडे बघत होती म्हणालीस, ते माझ्यासाठी का नुसतं कॉट तशी होती म्हणून?

शनिवारी लक्ष्मीपूजन आहे, सतरा तारीख. त्याच्या आत उत्तर पाहिजे. शुक्रवारी मी कामावर सुट्टी टाकलीय. मागितली, लगेच दिली. दिवसभर घरीच आहे.

शुक्रवारपर्यंत लिही, अरुणा.